रेजीचा डावा गुडघा आणि मी

मी एक रबराची पट्टी. रंगाने काळी, अंगावर एक ठिगळ. कुणी ओढलं की किरकिरते, तेवढंच माझं बोलणं. आज मात्र न ओढताच बोलावंसं वाटतंय.

जन्माने मी ट्रॅक्टरच्या चाकातली ट्यूब. शेतं नांगरली, काटे खाल्ले, हवा भरून घेतली. शेवटी ठिगळावर ठिगळ बसेना, तेव्हा मालकाने फेकून दिलं. सरईटोली गावच्या पोरांनी मला उचललं, जमेल तेवढी हवा भरली आणि उन्हाळाभर नदीत माझ्यावर बसून दंगा केला. पुढे त्यांचंही मन भरलं. मग डुकरांच्या खोपटामागे पडून राहिले. कोंबडी यायची, माझ्यावर बसायची, घाण करून जायची. तक्रार कुणाकडे करणार?

माझं नशीब पालटलं ते रेजीच्या गुडघ्यामुळे.

रेजी म्हणजे रेजिना बिलुंग, सरईटोलीच्या हॉकी संघात पुढे खेळणारी पोरगी. आमच्याकडे पोरीला चालता आलं की ती बांबूची वाकडी काठी शोधते आणि हॉकी खेळायला लागते. पण रेजीसारखी धाव कुणाची नव्हती. धान कापून झालं की जिल्ह्याच्या गावी हॉकीच्या वसतिगृहासाठी मुली निवडणार होते. रेजी झोपेतसुद्धा तेच बोलायची. आणि नेमकं तेव्हाच मैदानात बैलाच्या खुराच्या वाळलेल्या खड्ड्यात तिचा पाय अडकला. अंग वळलं, गुडघा मागेच राहिला.

तिच्या आजीने करंजाचं तेल कढवलं आणि गुडघा असा रगडला, असा रगडला की सकाळी त्याचा फणस झाला.

अनीमा दीदी तेव्हा दर आठवड्याला दवाखान्यात यायची. दुखावलेलं अंग व्यायामाने पुन्हा कामाला लावायचं, हे तिचं काम. तिने घरी येऊन गुडघा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे कुणी रगडलं?"

"मी. या तेलावर अख्खं घर वाढवलंय."

"घर वाढव की! गुडघा कशाला वाढवतेस?"

आजी फुरंगटून बसली. दीदीने सांगितलं, सांधा बांधून ठेवणारा आतला दोर थोडा फाटलाय, तुटलेला नाही. आधी विसावा, विहिरीच्या पाण्याचं गार फडकं, पाय उशीवर वर. चोळायचं नाही. सूज उतरली की मांडीला बळ आणायचं, म्हणजे गुडघ्याला आधार होईल. मग आजीच्या अंगणातून तिची नजर खोपटामागे माझ्याकडे गेली. तिने मला धुतलं आणि विळ्याने माझी लांब पट्टी कापली. दुखलं नाही म्हणणार नाही. पण कोंबडीखालून निघून माणसाच्या हातात आले, याचं सुख मोठं.

रेजी पाटावर बसायची. माझं एक टोक तिच्या घोट्याला. दुसरं टोक मागे बांधायला घरात धड खांबही नव्हता, म्हणून आजी चटईवर बसून ते धरायची.

"रबर ओढून कुणी बरं झालंय?" आजी रोज कुरकुरायची आणि रोज धरायची. रेजी पाय पुढे ताठ करायची. उजव्या पायाने ओढलं की आजी चटईसकट पुढे घसरायची. डाव्याने ओढलं की आजी आपली ढिम्म. मधे मी. कोणता पाय किती ओढतो ते माझ्या अंगाला कळायचं आणि आजीच्या हाताला.

धान पिवळं व्हायला लागलं आणि खस्सीचा, म्हणजे बोकडाच्या बक्षिसाचा सामना आला. जिंकेल त्या गावाने बोकड खांद्यावर नाचवत न्यायचा. हरेल त्या गावाने वर्षभर टोमणे ऐकायचे. समोर टांगरटोली होती. आमची कप्तान फुलकेरिया सोरेंग घरी आली.

"रेजी, तुला पळायला कुठे सांगतेय? नुसती गोलात उभी राहा."

"दीदी नको म्हणालीय."

"दीदी काय बोकड देणार आहे? कशाला एवढी भितेस?"

रेजीला ते लागलं. सामन्याच्या दिवशी तिने मलाच गुडघ्याभोवती करकचून गुंडाळलं. तिला वाटलं, मी सांधा धरून ठेवीन. अगं बये, मला ओढायचं असतं, आवळायचं नसतं! पण माझं कोण ऐकतंय? तिची पोटरी निळी पडायला लागली.

मैदानाच्या कडेला आजी हंडिया, म्हणजे घरची तांदळाची दारू, विकत बसली होती. रेजी लंगडत गोलाकडे निघालेली तिने बघितली. मडकं सोडून आजी थेट मैदानात.

"सोड ती आधी!"

"आजी, लोक बघताहेत."

"बघू देत. बस त्या दगडावर." आजीने मला सोडवलं, तिच्या घोट्याला अडकवलं आणि मागे धुळीत फतकल मारली. "हं, ओढ. मला हलवलंस तर जा खेळायला."

फुलकेरिया ओरडली, "म्हातारीला हलवायचं आणि गोल अडवायचा, काय संबंध गं?"

"माझ्या हाताला विचार. ओढ, रेजी!"

रेजीने ओठ चावून ओढलं. मी ताणले, किरकिरले, थरथरले. आजी जागची हलली नाही. टांगरटोलीच्या पोरी हसून लोळल्या. रेजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने स्वतःच मला घोट्यावरून काढलं आणि काठी दुसरीच्या हातात दिली.

आम्ही हरलो. बोकड टांगरटोलीला गेला आणि गावाने आजीशी बोलणं टाकलं. आजी म्हणाली, "बरं झालं. कान निवांत आहेत." आणि चटई अंथरली.

त्यानंतर रेजीने पुन्हा घाई केली नाही. एका पायावर उभी राहायला शिकली. मग उडी मारून गुडघा आत न वळवता अलगद टेकायला शिकली. मग धावायला. धान खळ्यावर आलं होतं त्या सकाळी तिने पाटावर बसून डावा पाय ताठ केला. माझ्या अंगातून एक हिसका गेला, आणि आजी चटईवरून घसरून थेट रेजीच्या पाठीवर आदळली.

"मेले गं!" आजी म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. "हलवलंस की गं मला!"

अनीमा दीदीने गुडघा पुन्हा तपासला आणि जा म्हणाली. रेजी निवडीला गेली, खेळली, आणि वसतिगृहाने तिला ठेवून घेतलं.

मी इथेच आहे. परवा फुलकेरिया दारात येऊन उभी राहिली. खाली मान घालून म्हणाली, "आजी, पट्टी देतेस? खेळायच्या आधी पोरींकडून मांड्या तयार करून घेते. दीदीने शिकवलंय."

"ने. आणि खड्डे बुजव मैदानातले," आजी म्हणाली.

आता रोज बऱ्याच पोरी मला ओढतात. माझ्या ठिगळापाशी बारीक चिरा पडल्यात. ज्या विळ्याने मला कापलं त्याचे, आजीच्या हातांचे, रेजीच्या घामाचे उपकार कसे फेडू? एवढंच मागते, मी तुटले की गाठ मारून मला वापरू नका. गाठ सुटली तर कुणाच्या तरी डोळ्यावर बसेन. सरळ नवी पट्टी कापा. ट्यूब कुठेही मिळेल. गुडघे मात्र माणसाला दोनच.