शोपीस नव्हे, धोटा

मी एक जुना धोटा आहे, मित्रांनो. त्या रविवारी मात्र माझी ओळख वेगळीच करून दिली गेली.

नाशिकच्या घरातला तो साधासुधा दिवस होता. मारुतीआबांनी गॅलरीत बसून मला खोबरेल तेल चोळलं. मग लेकीच्या शिवणाच्या डब्यातलं पांढरं रीळ घेऊन कांडीवर दोरा गुंडाळला आणि ती भरलेली कांडी माझ्या पोटात बसवली. तेवढ्यात लेकीच्या, म्हणजे उज्ज्वलाच्या, कॉलेजातल्या दोघी सहकारी प्राध्यापिका आल्या.

"हे काय गं? होडी?" एकीने विचारलं.

"शोपीस आहे," उज्ज्वला म्हणाली.

आबा नुसते हसले. त्यांनी मला कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

होडीसारखा दिसतो खरा मी. पोट पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. एका सुताराने मला आणि माझ्या भावाला एकाच लाकडातून घडवलं आणि आम्ही सुरतेला, लिंबायतच्या एका कारखान्यात आलो. लूमच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावायचं, हे माझं काम. एक धोटा धावायचा, दुसरा भरलेली कांडी घेऊन वाट बघायचा. लूम एकच आणि माणसं दोन. दिवसपाळी मारुतीची, रातपाळी निंबाची. पाळी सोडताना जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी दुसरा धोटा भरून ठेवायचा, असा त्या दोघांचा रिवाज होता. तो बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आमच्या कापडाला गाठ नसते, असं शेठही म्हणायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे बिनधोट्याची यंत्रं आली. आमचा लूम भंगारात गेला. दोघा मित्रांनी आम्हा भावांना वाटून घेतलं. आबा मला घेऊन लेकीकडे आले आणि माझं धावणं संपलं.

आबा गेल्यानंतरच्या दिवाळीत उज्ज्वला, तिचा नवरा आणि बारा वर्षांची मयुरी गाडीने द्वारकेला निघाले. सापुताऱ्याचा घाट उतरल्यावर उज्ज्वला म्हणाली, "सुरतेत निंबाकाकांकडे थांबू या. गुडघ्यांमुळे त्यांना आबांच्या वेळी येता आलं नाही." तिने मला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं होतं. काकांना देऊन टाकायचं ठरवलं होतं तिने.

लिंबायतच्या गल्लीत रिक्षांमधून वाट काढत गाडी येऊन थांबली. निंबाकाका दारातच उभे होते.

"ये वं माय! बठ, बठ."

सरलाकाकूंनी गरम लोचो आणि चहा पुढे ठेवला. मयुरीने दोनदा लोचो मागून घेतला. काका आठवणी सांगत होते. "बावीस वर्सं एकच लूम, पन बोलनं रोज दहा मिनिटं. म्हनीसनच दोस्ती टिकनी!"

"आणि आमचं लग्न कसं टिकलं मग?" काकूंनी विचारलं.

"तू मले बोलू कधी देस?"

सगळे हसले. कितीतरी महिन्यांनी मी उज्ज्वलाला हसताना ऐकलं.

मग तिने रुमाल सोडला. काकांनी मला हातात घेतलं, कांडी बघितली, आणि त्यांचा अंगठा त्या पांढऱ्या दोऱ्यावर थांबला.

"हाई कोनी भरी?"

"आबांनीच. शेवटच्या दिवशी. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून गुंडाळत बसलेत."

काका उठले. त्यांनी देव्हाऱ्याशेजारून माझ्या भावाला आणलं, माझ्याजवळ ठेवलं. मग पाळीचा तो रिवाज उज्ज्वलाला सांगितला आणि म्हणाले, "पाळी सोडताना बी धोटा भरीसन गया मारुती. तू आते ह्याले मन्हाकडे ठेवू नको. तुन्हासाठी भरेल शे तो."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण कुणी विचारलं तर आमचं खरं नावही सांगा. आम्हाला तेवढंच पुरतं.

मयुरी दोन्ही भावांकडे टक लावून बघत होती. "आई, हे तर आपलं शोपीस ना? आणि पाळी कसली? आजोबांचा तर सुरतेला कापडाचा व्यवसाय होता ना?"

उज्ज्वलाने मला उचलून मांडीवर घेतलं. तिचा आवाज स्वच्छ होता.

"हा धोटा आहे, मयुरी. आणि व्यवसाय नव्हता त्यांचा. माझे आबा लूम चालवायचे."