मोडली नाही

जयवंतानं डोळे उघडले. ती तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला.

"काय बोलली मी?"

अंगात येऊन गेलं की तिला स्वतःला काही आठवत नसे. लोकांची कोडी सोडवणाऱ्या बाईला आपलंच बोलणं गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकावं लागे, ही तशी गंमतच. मनीषनगरातल्या तिच्या दारावर पाटी मात्र होती ती फक्त फॉल-पिकोची.

समोर बसलेल्या सिंधूताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दातांच्या डॉक्टरकडे जाते, असं सुनेला सांगून आल्या होत्या. त्यांच्या बौद्ध घरात असलं काही मानत नसत आणि त्यांनीही जन्मभर मानलं नव्हतं. पण आता विचारायला दुसरं कुणी जिवंत उरलं नव्हतं.

"दोनच शब्द," त्या म्हणाल्या. "मोडली नाही, मोडली नाही. तेच बोलून राह्यली होती."

"काय मोडली नाही?"

"शपथ. दुसरं काय राहीन?"

आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

छप्पन साली त्यांचे आईवडील उमरेडकडच्या गावातून बैलगाडीनं दीक्षेला निघाले होते. दोघंच. पाच वर्षांची सिंधू तापानं फणफणलेली, म्हणून मावशीकडे राहिली. चौथ्या दिवशी वडील एकटेच परत आले. बायकोनं नवी पांढरी साडी नेसून, शेजारी बसून शपथ घेतली, संध्याकाळी ती साडी बदलून पाणी आणायला गेली आणि गर्दीत हरवली, असं त्यांनी सांगितलं. पुढचं गावानं जोडलं: शपथ मोडून कुणाचा तरी हात धरून गेली, पोरीचाही विचार केला नाही. तेव्हापासून सिंधूताई दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जात आणि आपल्याहून म्हाताऱ्या बायांची तोंडं न्याहाळत. अलीकडे तशा बाया फारशा भेटत नव्हत्या.

जयवंताला 'शपथ' काही पटेना. ओळखीसाठी आणलेली आईची ती पांढरी साडी पाटावर होती.

"त्या दिवशी हीच नेसली होती ना?"

"हो. माह्या लग्नात बाबानं देली मले."

"तुम्ही नेसल्या कधी?"

"आईच्या अंगावरची साडी. मी उकलून बी नाही पाह्यली."

जयवंतानं साडी मांडीवर घेतली. तिच्या हाताखालून रोज दहा साड्या जात. एकदा नेसलेल्या साडीची कितीही नीट घडी घाला, दुकानातली घडी पुन्हा येत नाही. ही घडी दुकानातलीच होती. खळ तशीच कडक, आणि आतल्या टोकाला गिरणीचा कागद अजून चिकटलेला.

गप्प बसावं, असं तिला वाटलं. म्हातारी खुशीत घरी गेली असती. पण तिच्या तोंडून जी बोलून गेली होती, तिनं दोनदा सांगितलं होतं.

"मावशी, इथं हात लावून पाहा."

सिंधूताईंचं बोट त्या कागदावर टेकलं.

"घडी," जयवंता म्हणाली. "घडी मोडली नाही तिनं."

विमानतळाकडे उतरणारं विमान छपरावरून गेलं.

"म्हणजे ती इथवर पोचलीच नाही," सिंधूताई म्हणाल्या.

"नाही पोचली."

"ज्या रस्त्यानं बैलगाडी आणली, त्या रस्त्यानं बाबा मंग कधीच गेले नाही. बाजाराले बी दूरच्या फेऱ्यानं जात. आम्हाले वाटे, दुःखानं."

त्या रडतील म्हणून जयवंतानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला.

"हिले फॉल लावून दे वं. दसऱ्याले नेसतो."

"कापड जुनं हाय, मावशी. एखादा दिवस टिकन."

"एकच दिवस पायजे. शपथ घ्याची राह्यली तिची."

जयवंतानं मशीन पुढे ओढली आणि साडी उलगडायला हात घातला. सिंधूताईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. घडी मी मोडतो."