साकवाखालचा माणूस

"खाली कोण हाय?" रुक्मानं विचारलं आणि साकवाच्या बांबूवर टेकलेला पाय मागं घेतला.

विनोदनं कपाळावर हात मारला. ओढ्यापलीकडे परशूची जीप केव्हाची हॉर्न वाजवत होती. दहाच्या आत दांडेलीच्या दवाखान्यात पोचलं नाही तर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं जाणार होतं, आणि पुढं म्हणजे थेट दिवाळीनंतर. तोवर उजव्या डोळ्यात उरलाय तेवढाही उजेड राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डावा तर गेलाच होता.

"मी हाय की खाली, आये. चल तू," तो काठावरूनच म्हणाला.

"आवाज वरनं येतोय तुजा. डोळं गेल्यात माजं, कान न्हाई."

मागं उभी असलेली त्याची बायको पूर्णिमा पदर तोंडाला लावून हसली.

साकव कालच बांधून झाला होता. एरवी गुंद गावाजवळच्या या ओढ्यावर मे संपायच्या आत साकव उभा असायचा, कारण तो झिलू हवालदार बांधायचा. विनोदचा आप्पा. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. विनोदला गोव्यातल्या कामावरून रजा मिळता मिळता आषाढ उजाडला, ओढा छातीपर्यंत चढला, आणि मग दोन गडी घेऊन त्यानं कसाबसा हा साकव उभा केला. बांधणारे सोडले तर अजून कुणी त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

झिलूची बावीस वर्षं फौजेत पूल बांधण्यात गेली. लढाईबद्दल कुणी विचारलं की तो सरळ विडी पेटवायचा. पलटणीतली एकच गोष्ट त्यानं घरी आणली. पूल बांधून झाला की पहिली गाडी जाताना बांधणाऱ्यांनी पुलाखाली उभं राहायचं. पेन्शनीत आला त्या वर्षी रुक्मा चार वर्षांच्या विनोदला कडेवर घेऊन निसरड्या ओंडक्यावरून ओढा ओलांडताना त्याला दिसली. आठवड्याच्या आत त्यानं साकव बांधला. ती निघाली तसा हा पठ्ठ्या पाण्यात उतरून खाली उभा! पुढं अडतीस पावसाळे हेच. दर वर्षी घरचं माणूस पहिल्यांदा साकवावर चढलं की हवालदार खाली. गाव म्हणायचं, हवालदाराचा बेडूक झाला. शाळकरी विनोद तेव्हा लाजेनं अर्धा व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वी पूर्णिमाला कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा असाच भरला होता. चौघांनी तिला खुर्चीत बसवून साकवावरून नेलं. मधोमध एक वासा कडाडला. तेव्हाही खाली उतरलेल्या अडुसष्ट वर्षांच्या झिलूनं गळ्याइतक्या पाण्यात तो खांद्यावर झेलला आणि खुर्ची पार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. नात झाल्याचा निरोप आला तेव्हा रुक्मा त्याच्या काळ्यानिळ्या खांद्याला तेल चोळत होती. "मुका मार हाय," एवढंच तो म्हणाला.

"आये, आप्पा ग्येला," विनोद आता हळूच म्हणाला. "आता कोण असणार खाली?"

"त्ये मला कशाला सांगतोस? साकव कुणी बांदला?"

मोबाइल पूर्णिमाच्या हातात देऊन विनोद पाण्यात उतरला.

थंडीनं त्याचा श्वास अडकला. पायाखालचे गोटे सरकत होते, पाण्याची ओढ पाय टिकू देत नव्हती. खांबाला मिठी मारून तो कसाबसा मधोमध उभा राहिला. वर पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, साकव कोसळला तर आधी आपल्याच डोक्यावर येणार. पळायला जागाच नाही. आप्पाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी तो अडतीस वर्षं याच पाण्यात येऊन उभा राहिला, वर एक शब्द बोलला नाही. केवढा माणूस आपल्या घरात राहून गेला, आणि आपण त्याची लाज धरत होतो!

"मी हाय, आये," तो खालून ओरडला. "ये आता."

या वेळी रुक्मानं काही विचारलं नाही. चपला हातात घेऊन ती साकवावर चढली. बांबू करकरले. फटींमधून तिचे तळवे दिसत होते. भेगाळलेले, चिखलानं माखलेले, एकेक बांबू चाचपत पुढं सरकणारे. आप्पानं इतकी वर्षं इथून हेच पाहिलं असणार. ती अगदी डोक्यावर आली, तिची बोटं बांबूला धरून खाली वाकली, आणि जोडवी काढलेल्या जागचा फिकट वळ विनोदला स्पष्ट दिसला. ती पलीकडच्या काठाला लागेपर्यंत त्यानं मान खाली केली नाही.