पाकिटावरची काशीबाई

मांडवाच्या सावलीत, जुन्या लुगड्याच्या फडक्यावर सोललेले वाल वाळत पडले होते. मैना एका हाताने कावळे हाकलत होती आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या सरूला पेज भरवत होती. सकाळी हायवेवरच्या खांब गावाला जायला निघताना सासू बजावून गेली होती, "कावळ्यांकडं ध्यान ठेव गो. नायतर आपलं मूल्यवर्धन तेच खाऊन जायचे."

मूल्यवर्धन हा शब्द काशीबाई रोह्याच्या प्रशिक्षणातून घेऊन आली होती आणि तेव्हापासून तो पायलीभर वापरत होती. म्हशीला सरकी घातली तरी मूल्यवर्धन, सरूच्या गालाला तीट लावली तरी मूल्यवर्धन.

अंगणाच्या बेड्यापाशी, बांबूच्या फाटकाशी, रिक्षा थांबली. तिच्यातून हैबतमामा उतरला. काशीबाईचा धाकटा भाऊ, वडखळच्या पलीकडे खाडीकाठी राहणारा, मिठागरावर काम करणारा. ऐन चैत्रात मिठागर सोडून हा माणूस सख्ख्या पुतण्याच्या हळदीलाही आला नव्हता. आज आला होता तो अनवाणी. पोटऱ्यांवर मिठाची पांढरी खरपुडी तशीच होती, डोळे सुजलेले, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कागद फाटला होता तिथून हिरवा काठ बाहेर डोकावत होता.

"या मामा. पाणी आणते. चपला कुठं ऱ्हायल्या?"

मामा उंबऱ्याशी आला नाही. तुळशीपाशीच उभा राहिला.

"माझी बहीन मेली," तो म्हणाला, "नि तुमाला मला एक फोन करावासा वाटला नाय?"

मैनाच्या हातातला चमचा सरूच्या तोंडाशी तसाच राहिला. सरूने आ केला, वाट पाहिली, आणि मग स्वतःच पुढे होऊन पेज ओढून घेतली. मैनाला ते दिसत होतं, पण कळत काहीच नव्हतं. काशीबाई मेली? सकाळी तर ती दुरुस्तीला दिलेला वजनकाटा आणायला गेली. खांबला. हायवेवर. हायवे ओलांडायची तिची एक रीत होती. एक हात वर करून, समोरून ट्रेलर येवो की बस येवो, बैलगाडी थांबवावी तशी ती सरळ चालू लागायची. किती वेळा सांगितलं होतं, आई, तसं नका करू. "थांबतात गो," म्हणायची, "त्यांना पन आया हायत."

म्हणजे कुणीतरी थांबला नाही.

कुणीतरी ओळखीचं तिथे असणार, त्याने आधी माहेरी कळवलं असणार. मैना उठली ती सरूला फडक्याशेजारी तशीच टाकून. पोरीने रडं काढलं.  नवऱ्याला, महिपतीला, कळवायला हवं होतं, पण तो पहिल्या शिफ्टला, आणि कंपनीत फोन बाहेरच ठेवावा लागतो. ती धावत बेड्यापर्यंत गेली आणि तिथेच थबकली, कारण मागे मामाचा आवाज चढला होता.

ओटीवर तिचे सासरे बाबाजी सुंभ वळत बसले होते. त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नसे. मेव्हण्याला पाहून ते तोंडभर हसले होते.

"बायको गेली नि हा सुंभ वळतोय!" मामा कापत होता. "दाजी, लाज हाय काय तुमाला?"

"अरे, बस, बस," बाबाजी म्हणाले. "मीठ कसं काय औंदा?"

मामाने कपाळावर हात मारून घेतला. मग बेड्याकडे वळून ओरडला, "तू कुठं पळतेस? आता पळून काय करशील? जाळून मोकळे झालात ना तिला? अहेव मरन आलं माझ्या बहिनीला, नि माहेरच्या लुगड्याबिगर पाठवलीत? परक्याच्या घरात सुदा असं करत नाय कोन!"

तेव्हा मैनाला कळलं, त्याच्या काखेत काय आहे ते. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईला शेवटचं नेसवायचं हिरवं लुगडं. भावाने आणायचं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत.

पण जाळून? सकाळी गेलेल्या माणसाला दुपारच्या आत? तिच्या डोक्यात काही जुळेना.

"मामा, तुमाला सांगितलं कुनी?"

मामाने सदऱ्याच्या आत हात घातला. छातीशी धरून ठेवलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

"ह्यानं."

ते त्यांचं पाकीट होतं. बायकांच्या बचत गटाचं. मैनाने स्वतः उभं राहून रोहा-अष्टमीच्या छापखान्यात छापून घेतलेलं.

रोह्याच्या प्रशिक्षणात चंद्रावती मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्ही पोतंभर वाल व्यापाऱ्याच्या पदरात ओतता आणि तो देईल तीच किंमत घरी आणता. भिजवा, मोड आणा, सोला, सुकवा, पाकिटात भरा. आणि पाकिटावर माणूस दाखवा. शहरातल्या बाईला कळू दे, हे कुणाच्या हातचं आहे. मग कुणाचा फोटो, यावर गटात फार बोलणं झालंच नाही. वाल सोलावा तो काशीबाईनेच. बायजा सोलायची तर दाणा दुभंगायचा, विमलबाई सोलायची तर मोड तुटायचा. काशीबाईच्या चिमटीतून दाणा अख्खा, मोडासकट, न दुखावता बाहेर यायचा. तिचा हात नसता तर त्या सोललेल्या वालांना, त्या बिरड्याला, शहरात कुणी विचारलंही नसतं, हे गटातल्या सगळ्याजणींना ठाऊक होतं.

काशीबाई मात्र नको नको म्हणत होती. "माझं थोबाड बाजारात कशाला?" मैनाने तिला मनवलं. तोंड धुऊन, पदर नीट घेऊन, पौषात वाल फुलावर असताना बांधावर बसवलं. तिच्या सासूला वालाची फुलं फार आवडत. म्हणून फोटोभोवती वालाच्या फुलांची वेल काढायची, ही कल्पनाही मैनाचीच. मॅडमनी सुचवलेली ओळही तिनेच छापून घेतली. मोबाइलवर पाहिलं तेव्हा सगळं हिरवंगार, ताजं दिसलं होतं. छापखानेवाला म्हणाला, रंगीत नको, एका रंगात घ्या, परवडेल. काळ्यात घेतलं. पाकिटं आली त्या दिवशी सगळ्या बायका भरायच्या घाईत होत्या. बघायला कुणाला उसंत होती?

आता मैनाने पाहिलं.

काळ्या रंगात कुंकू उडालं होतं. चेहरा गंभीर, डोळे कुठेतरी दूर. वालाची पांढरी फुलं ओळीने गळ्यापासून वर जाऊन डोक्यामागे मिळाली होती, आणि ती वेल नव्हती. तो हार होता. कुठल्याही घरात भिंतीवर असतो तसा, मेलेल्या माणसाच्या फोटोला घातलेला हार. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'काशीबाईंच्या हातची, आठवणीतली चव'.

मैना पाकीट हातात घेऊन तिथेच खाली बसली.  जिवंत माणसाला हार. तोही आपल्या हाताने. तोही सासूला.

"पेनच्या बाजारात दोरी घ्यायला गेलो व्हतो," मामा आता नुसताच पुटपुटत होता. "दुकानात रांगेनं मांडलेली. रांगेनं गो, माझी ताई! मी म्हनलं, तेरावं पन उरकलं ह्यांनी. चपला तिथंच टाकून लुगड्याच्या दुकानात गेलो."

"मामा, आई जिवंत हायत. खांबला गेल्यात. मी... ते हार नाय, ती वेल हाय."

मामाने तिच्याकडे पाहिलं. समजूत घालतेय असंच त्याला वाटलं असणार, कारण तो आणखीच मोठ्याने रडू लागला. ते ऐकून शेजारची बायजा धावत आली, तिच्या मागून विमलबाई. काय झालं ते न विचारताच विमलबाईने पदर तोंडाला लावून गळा काढला.

आणि त्या रडारडीच्या मधोमध बेडं करकरलं.

डोक्यावर वजनकाटा घेऊन काशीबाई आत आली. तिने अंगणभर नजर फिरवली. रडणारा भाऊ, त्याचे अनवाणी पाय, त्याच्या काखेतला हिरवा काठ. काटा तिने हळूच खाली ठेवला आणि सरळ ओटीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तर बसला होता. मग ती पांढरीफटक पडली.

"महिपती?" ती कशीबशी म्हणाली. "कंपनीत काय झालं?"

"नाय, नाय!" मैना ओरडली. "सगळे बरे हायत आई!"

मामा मात्र मागे सरकला तो तुळशीवर आपटला. त्याचं तोंड उघडं राहिलं. एक हात पुढे करून तो आला आणि त्याने बहिणीचं मनगट दाबून पाहिलं, लहान पोर गरम आहे की नाही बघतात तसं.

"ताई?"

"व्हय रे. काय झालंय काय तुला? दारू पिऊन आलास?"

 बायजाने मैनाच्या हातातलं पाकीट काढून तिला दिलं. काशीबाई वाचू शकत नव्हती, पण हार ओळखायला अक्षरं कशाला लागतात? ती बराच वेळ पाहत राहिली. 

"आयुष्य वाढतं म्हनं अशानं," विमलबाई डोळे पुसत म्हणाली.

काशीबाईने पाकीट मैनाच्या मांडीवर ठेवलं आणि घरात गेली.

तेवढ्यात मैनाचा फोन वाजला. पेणचा दुकानदार. "ताई, माल घेऊन जा तुमचा. लोक हातात घेतात, म्हातारीला नमस्कार करतात नि परत ठेवतात. मेलेल्या माणसाचं बिरडं कोण खाणार? आणि नवीन माल तरी कुठून देणार, सोलणारीच राहिली नाही ना तुमची?"

मैना आत गेली. चुलीपुढे काशीबाई बसली होती, पाठ करून.

"आई, मी सगळी पाकिटं जाळते. गटाला मी सांगीन. माझीच चूक."

"मी उद्यापासून वालाला हात लावनार नाय," काशीबाई भिंतीशी बोलली.

 पाकिटं पुन्हा छापता आली असती. तो हात कुठे छापून मिळणार होता? पण मैनाला जास्त लागलं ते वेगळंच. या बाईने तिला बाळंतपणात चाळीस दिवस जमिनीला पाय लावू दिला नव्हता. आणि आपण तिला हार घातला.

"हाराचं नाय मला काय," काशीबाई म्हणाली. "मी हसले व्हते गो. सरूनं पदर वढला तवा. तो फोटो पन काढलास तू. मग हा का घातलास, मेल्यावानी?"

मैनाला उत्तर माहीत होतं. हसताना सासूचे पुढचे दोन दात नसलेले दिसत होते. पेणच्या बायकांना ते कसं दिसेल, म्हणून तिने तो फोटो बाजूला ठेवला होता.

"दातांमुळं," ती म्हणाली. खोटं सुचलंच नाही.

काशीबाई वळली. तिच्याकडे एकटक पाहिलं.

"दात नायत तर नायत. वाल का दातानं सोलते मी?"

बाहेर मामा उठायच्या तयारीत होता. लुगडं त्याने काखेत आणखी घट्ट दाबलं होतं. "हे घरात नको ठेवायला," तो बायजाला सांगत होता, "वाटेत खाडीत सोडतो."

"आन हिकडं," काशीबाई दारात येऊन म्हणाली.

"ताई, येडी झालीस? हे मढ्याचं..."

"भावानं आनलंय ना? मग मेल्यावर मला काय दिसनार, काठ कसा हाय नि पदर कसा हाय?" तिने त्याच्या काखेतून गुंडाळी ओढली, कागद टरकावला आणि लुगडं उन्हात धरलं. "शी! एवढा बारका काठ? माझ्या मरनाला तुला येवढंच सुचलं?"

"घाईत घेतलं गो," मामा म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. हसताहसता तो पुन्हा रडू लागला, आणि तिने त्याच्या मिठाने पांढऱ्या झालेल्या डोक्यावर टपली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना परतीच्या मालासाठी रिकामं पोतं घेऊन निघाली, तर काशीबाई बेड्यापाशी उभी. नवं हिरवं लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि काखेत मोड आलेल्या वालांचा डबा. बायजाने तिला पाहून तोंडावर हात घेतला. मैनाने सासूच्या काखेतला डबा फक्त आपल्याकडे घेतला. बसमध्ये सरू आजीच्या मांडीवर बसली आणि नव्या कापडाचा वास घेत झोपून गेली.

पेणच्या दुकानात दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि त्याच्या हातातली तागडी कलंडली. काशीबाईने त्याला रामराम केला. पाकिटांच्या रांगेशेजारी, पायरीवर, फडकं अंथरलं आणि वाल सोलायला बसली.

पहिली आली ती एक तरुण बाई, कडेवर मूल. तिने पाकीट उचललं, फोटो पाहिला, सवयीने कपाळाला लावलं. मग तिची नजर खाली गेली.

"अगंबाई!" पाकीट तिच्या हातून सुटलं.

काशीबाईने ते झेललं आणि हसली. पुढचे दोन दात नसलेलं, सबंध तोंड उघडून. मैनाने फोन काढला. या वेळी तिने तो फोटो घेतला.

"घाबरू नको गो," काशीबाई त्या बाईला म्हणत होती. "बस अशी. पोराला ठेव हितं. हा बघ, असा चिमटीत धरायचा."