शुक्रवारचे शब्द

धाकटीच्या शाळेत दर शुक्रवारी अवघड इंग्रजी शब्दांची परीक्षा असायची. आदल्या संध्याकाळी बाप तिला घरामागच्या कारखान्यात उभं करायचा. बाप सुतार. त्याला इंग्रजी धड वाचता येत नसे, म्हणून शब्द तीच वाचायची आणि तो शेजारी छापलेल्या मराठी अर्थावर अंगठा दाबून धरायचा. चुकलं की लाकडाची पट्टी. आधी तळहातावर, मग मांडीवर, फारच चिडला तर जिथे लागेल तिथे.

थोरली तिथेच कपाटांना पॉलिश करत असायची. तिचाही अभ्यास त्याने असाच घेतला होता. आठवीत एक थप्पड कानावर बसली आणि त्या कानाने ऐकू येईनासं झालं. शाळा सुटली ती सुटलीच. आई अशा वेळी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडायची, ओरडणं कानावर येऊ नये म्हणून.

त्या आठवड्यात काकाची मुलगी घरी येऊन सगळ्यांसमोर घडाघडा इंग्रजी बोलून गेली होती. ते बापाच्या डोक्यात घुसून बसलं होतं.

"ऑब्स्टिनेट," धाकटीने वाचलं.

"अर्थ?"

"हट्टी."

"पुढचा."

"रि... रिलेंटलेस."

"अर्थ सांग."

शाळेत जाता-येता तिने 'निर्दय' हा अर्थ घोकला होता. पण नजर पट्टीकडे गेली आणि डोकं कोरं झालं.

"दयाळू?"

पट्टी तोंडावर बसली. ओठ फुटून रक्त गणवेशावर ओघळलं. दुसऱ्या फटक्याला पट्टीच मोडली. तेव्हा बापाने तिचा उजवा हात ओढून बोटं लाकूड आवळून धरायच्या टेबलावरच्या शिकंज्यात घातली आणि दांडा फिरवला.

"आठव."

"बाबा, दुखतंय!"

"दुखल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. आठव!"

त्याने आणखी एक फेरा दिला. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला आणि धाकटीची किंकाळीही बंद पडली.

"बाबा, सोडा तिला," थोरली म्हणाली.

"तू तुझं काम कर, बिनडोक!"

थोरलीने लाकडी हातोडा उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडलं. तो गुरासारखा ओरडला, दुसऱ्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं डोकं कपाटाच्या काचेवर आपटलं. काचांचा सडा पडला. डोळ्यांत रक्त उतरलं तरी तिने हातोडा सोडला नाही. पुढचा घाव गुडघ्यावर बसला. तो भुशात कोसळला, पण पडल्या पडल्या हाताला लागलेली पटाशी त्याने तिच्या पोटरीत खुपसली.

आई दारात आली. आधी तिने शिकंजा उलटा फिरवून धाकटीचा हात मोकळा केला. मग नवऱ्याच्या मनगटावर पाय देऊन त्याच्या मुठीतली पटाशी काढून घेतली.

"पोरीने बापावर हात उचलला, बघितलंस?" तो कण्हत म्हणाला.

"बघितलं. हे मी करायला हवं होतं."

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, हे कसं झालं. कानाच्या वेळी आईने 'जिन्यावरून पडली' असं सांगितलं होतं. या वेळी तिने सगळं खरं सांगितलं, पोलिसांपुढेही. धाकटीचं मधलं बोट वाचलं नाही.

तिघी मामाकडे राहायला गेल्या. मामाला वाटलं, पोर आता पुस्तकाचं तोंड पाहणार नाही. पण ती डाव्या हाताने अक्षरं गिरवायला लागली. "शाळा मी सोडणार नाही," म्हणाली. "शब्दांनी मला काही केलेलं नाही." मात्र कुणी तिच्या मागे येऊन उभं राहिलं की पाठ करता करता तिची वाचा बसायची. ते पुढेही बराच काळ चाललं.

एक दिवस काका तडजोड करायला आला आणि थोरलीला म्हणाला, "रागाच्या भरात झालं गं. त्याच्या हाताला आता काम होत नाही. तक्रार मागे घ्या."

"नाही घेणार," थोरली म्हणाली.

"अगं, बाप आहे तो तुझा!"

"माहीत आहे, काका."

तिने दार लावून घेतलं. तिथेच पाठ टेकून ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. लहानपणी त्याच बापाने तिला लाकडाची बाहुली करून दिली होती. आई येऊन लेकीशेजारी जमिनीवर बसली आणि तिचं डोकं तिने मांडीवर घेतलं.