बरणीच्या तळाच्या बिया

दोन जिने चढून तो घरात आला तेव्हा हातात बर्फाची पिशवी होती आणि डोक्यात एकच गोष्ट: बरणी. दार उघडताच साबणाचा वास आला. त्या घराला कितीतरी दिवसांत साबणाचा वास आला नव्हता.

ओट्यापाशी मेहुणी उभी होती. बायकोची ही धाकटी बहीण. घराची दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची. बाह्या कोपरापर्यंत वर, चेहरा घामेजलेला. ओट्यावर सगळी भांडी धुऊन पालथी घातलेली. आणि त्या भांड्यांच्या मधोमध, आरपार दिसेल इतकी स्वच्छ, ती बरणी.

तो दारातच थांबला. पिशवीतून पाणी ठिबकायला लागलं.

"आलात भावोजी? म्हटलं आज ताईचा वाढदिवस, तिचं स्वयंपाकघर तरी माणसात आणावं. केवढा राडा करून ठेवलाय तुम्ही!"

"बरणीत होतं ते कुठंय?"

मेहुणीने फडकं पिळलं. जरा जास्तच वेळ पिळलं.

"ओतलं," ती म्हणाली.

पेशाने तो नळवाला. गल्लीत सगळे त्याला पाना म्हणत, कारण हातात पाना नसलेला तो कुणी पाहिलाच नव्हता. शनिवारी त्याचं काम दुपारी सुटायचं आणि मग घरात बायकोचा कारभार सुरू व्हायचा. ती एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या खात्यात होती. तिथल्या बारमध्ये कॉफी, रम आणि बर्फ घुसळून फेसाळ पेला देतात हे तिने येताजाता पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, यात काय आहे, हे आपल्या ओट्यावर होतं. पहिले दोन-तीन शनिवार ते औषधासारखं लागलं. मग जमलं. दोघं त्याला 'शनिवारची' म्हणायचे.

कामं वाटलेली होती. कडक कॉफी करून गार करणं तिचं. बरणीही तिचीच. जळक्या साखरेचा पाक, रम आणि अख्ख्या कॉफीच्या बिया, हे सगळं बंद झाकणाखाली दीड-दोन महिने फडताळात मुरायचं. त्यातलं थोडं प्रत्येक पेल्यात पडायचं, आणि पेल्याची सगळी चव त्यात असायची. त्याचं काम फक्त हलवण्याचं. झाकणाच्या डब्यात सगळं घालून, डबा टॉवेलात गुंडाळून दंड भरून येईपर्यंत हलवायचा. मग ती फेसावर कॉफीची एक बी ठेवायची. तरंगली तर पास. बुडली की म्हणायची, "एवढे मोठे हात काय जेवायला दिलेत? पुन्हा हलव."

ती गेली तेव्हा बरणीत दोन पेल्यांपुरतं उरलं होतं. तिच्या हातचं पुरं झालेलं घरात दुसरं काहीच उरलं नव्हतं. लोणचं संपलं होतं, पीठ किडलं होतं, विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर थांबला होता. हे दोन पेले त्याने आजच्यासाठी राखले होते. एक त्याचा, एक तिचा. तिचाही त्यानेच प्यायचा, पण पेले दोन.

"कुणाला विचारून ओतलंस?"

"विचारायचं काय त्यात? खालच्या काकू म्हणाल्या, पाना सकाळी कामावर जातो तेव्हा जिन्यात रमचा वास येतो. सकाळी, भावोजी! मी ऐकून घेऊ? ताई गेली, आता तुम्हीही बाटलीत बुडा, मग आम्ही काय करायचं?"

"वास घेत होतो मी!" त्याचा आवाज इतका चढला की पलीकडच्या घरातला रेडिओ बारीक झाला. "वास! झाकण उघडायचो, वास घ्यायचो, झाकण लावायचो. थेंब प्यायलेलो नाही. तुला डोळे नाहीत? खूण केलेली होती काचेवर!"

खूण पेन्सिलीची होती. तीही धुतली गेली होती.

मेहुणीचं तोंड उघडं राहिलं, पण क्षणभरच. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"मग सांगायचं! तिच्या माघारी एकदा तरी फोन केलात मला? माझी कोणी नव्हती ती? तुम्ही इथे दार लावून वास घ्यायचा आणि मी खालच्या काकूंकडून बातम्या ऐकायच्या!"

"केव्हा ओतलंस?"

"आत्ताच. तुम्ही यायच्या जरा आधी."

त्याने बर्फाची पिशवी सिंकमध्ये आपटली. खांद्यावरची कामाची पिशवी उपडी केली. पाना घेतला आणि सिंकखाली डोकं घातलं.

"अहो, काय करताय?"

प्रत्येक सिंकखाली पाईपला एक वाकण असतं, खालची घाण हवा वर येऊ नये म्हणून तिथे पेलाभर पाणी कायम साठून राहतं. ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने नंतर पाणी सोडलं नसेल तर. कमी सोडलं असेल तर. त्याने खाली वाडगा धरला आणि वाकणाचा नट सोडवला. पाना दोनदा निसटला. आयुष्यात त्याचा पाना निसटला नव्हता.

वाडग्यात आलं ते करड्या रंगाचं साबणाचं पाणी. वर दोन बुडबुडे. त्याने वाडगा नाकाशी धरला. साबणाच्या मागे, खूप लांबून, जळकी साखर होती. नव्हतीही कदाचित.

"पिणार आहात का ते?" मेहुणी म्हणाली. तिला टोमणा मारायचा होता, पण आवाज मधेच फाटला.

"चालती हो माझ्या घरातून."

"होते. आधी ते खाली ठेवा."

"आग लावायला आली होतीस! तिच्या आजारपणात यायचीस तेव्हाही हेच. हे आवर, ते धू, हे टाक. माणूस मरतंय आणि ही कपाटं पुसतेय!"

"मग काय करत बसू?" ती ओरडली. "तुमच्यासारखी भिंतीला टेकून बसू? मला बसता येत नाही, भावोजी! बसले की ती दिसते!"

त्याने वाडगा जमिनीवर ठेवला, तोही असा की अर्धं पाणी सांडलं. पुन्हा सिंकखाली वाकला. आता निव्वळ सवयीने. उघडलेलं वाकण साफ करूनच बसवायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं. त्याने आत बोट फिरवलं. भाताचं एक शीत आणि थोडा ओशट गाळ. बस.

बोट तिथेच थांबलं.

"बिया कुठायत?"

"कसल्या?"

"बरणीच्या तळाशी मूठभर बिया होत्या. इथे एकही नाही."

"गाळून ओतलं ना," ती नाक पुसत म्हणाली. "सिंकमध्ये कॉफीचा कण टाकलेला ताईला चालायचा का? किती वेळा बोलणी खाल्लीत मी त्यावरून. नळवाल्याच्या घरचं सिंक तुंबलं तर गल्ली हसेल म्हणायची."

तो सिंकखालून बाहेर आला. डोकं कडेला आपटलं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"बिया कुठायत?"

"कचऱ्याच्या डब्यात. कागदात गुंडाळून."

डबा दारामागे होता. त्याने तो सरळ फरशीवर पालथा केला. बटाट्याच्या साली, चहाची पावडर, अंड्याची टरफलं, आणि सगळ्यात खाली ओला कागद. तो त्याने उघडला. काळ्या, फुगलेल्या, बोटाला चिकटणाऱ्या बिया. आता वास आला. खरा वास. शनिवारचा.

मेहुणी समोर उकिडवी बसली आणि सालींमध्ये घरंगळलेल्या बिया वेचायला लागली.

"हात लावू नकोस."

ती वेचत राहिली.

"धुऊन घेऊ?"

"पाण्याचं नाव काढलंस तर बघ!"

बिया बरणीत गेल्या. तळ जेमतेम झाकला. आजच्या पेल्यांसाठी आणून ठेवलेली रमची बाटली त्याने बियांवर उपडी केली. रंग लगेच सुटायला लागला, धाग्यासारखा. मग तो नुसताच उभा राहिला. पुढे साखर जाळायची, एवढं माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं. ती नवी बरणी भरायची त्या दिवशी तो घरी येईपर्यंत पाक केव्हाच आत गेलेला असायचा.

मेहुणीला हे कळलं. तिने न विचारता पातेलं गॅसवर ठेवलं आणि साखर टाकली. तो आडवा गेला नाही, पण बाजूलाही झाला नाही. साखर वितळली, पिवळी झाली, तांबडी झाली.

"बंद कर. जळेल."

"अजून नाही. धूर निघाला की पाणी. ताईने तिचं पहिलं पातेलं याच घाईत फुकट घालवलं होतं. मी होते इथे."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्ही हसला असतात."

धूर निघाला. तिने बेताने पाणी घातलं, पातेलं फुत्कारलं, आणि पाक काळा झाला. तिने पातेलं गार व्हायला ठेवलं. त्याने सिंकचं वाकण बसवलं. तिने फरशी पुसली. मग पाक बरणीत गेला आणि त्याने झाकण घट्ट लावलं, नको इतकं घट्ट.

"हे काही तिचं नाही," तो म्हणाला.

"नाहीच."

"बिया तेवढ्या तिच्या."

मेहुणीने बाह्या खाली केल्या आणि पर्स उचलली. दारात वळली.

"मुरलं की बोलवाल?"

"मी माफ केलेलं नाही तुला."

"मी मागितलीय कुठे?"

त्याने बरणी फडताळात ठेवली, मागे, अंधारात. मेहुणीकडे पाठ करूनच बोलला.

"ये. बी बुडली की मला 'पुन्हा हलव' म्हणायला कुणीतरी हवं. आणि ती किल्ली इथे ठेवून जा."

ती किल्ली ओट्यावर ठेवून गेली. त्याने ती उचलली. मग खिडकी उघडली, ती रस्त्यावर पोचताच तिला दोन शिव्या हासडल्या, आणि किल्ली तिच्याकडे खाली फेकली.