अडवून धरलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुने टर्मिनल आहे. पडदा, कळफलक आणि आज्ञाधारकपणा एवढीच माझी मिळकत. त्यातल्या तिसऱ्या गुणाचे कौतुक फार झाले. ही हकीकत त्याचीच आहे.

माझी घडण मुळातच सावध. उमटवलेले अक्षर मी पडद्यावर लगेच दाखवते, पण एंटर दाबेपर्यंत पुढे धाडत नाही. माणसाला खाडाखोडीची सवड मिळावी, हा त्यामागचा हेतू. एका कार्यालयात मी अशी वीस वर्षे काढली आणि मग अडगळ म्हणून रुग्णालयात आले.

तिथे एका निवृत्त मुद्रितशोधकाच्या खाटेशी मला मांडले. अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली होती. डाव्या हाताचे एक बोट तेवढे हलत असे. त्यांची लेक प्रोग्राम लिहिणारी. बोटाखाली येतील अशा डावीकडच्या मोजक्या कळांवर तिने सारी अक्षरे बसवली. उजव्या टोकाच्या एंटरपर्यंत ते बोट जाणे शक्य नव्हते, म्हणून प्रोग्रामने मला बजावले: थांबू नकोस, प्रत्येक अक्षर त्याच क्षणी परिचारिकेच्या टेबलावर पोहोचव. काम संपल्यावर मला मूळ रीतीवर आणणारी ओळही ती विसरली नाही. यंत्राशी इतक्या सभ्यतेने मी क्वचितच कोणाला वागताना पाहिले.

आजोबांचे पहिले वाक्य होते, ‘उशी बदला, ही माझ्याहून म्हातारी आहे.’ परिचारिका हसत आली. “हळू बोला आजोबा, तिला ऐकू जाईल.” लेक मात्र खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

प्रत्येक अक्षरासरशी परिचारिकेच्या टेबलावर टिकटिक होई. कान किटतात हो, असे ती एकदा संगणक विभागाच्या प्रमुखांपाशी सहज बोलून गेली. त्यांना तेवढे पुरले. आजोबा झोपलेले असताना त्यांनी एक ओळ बदलून मला पूर्ववत केले, आपल्या धडधाकट दहा बोटांनी चार शब्द लिहिले, एंटर दाबले. शब्द पोहोचले. आजोबांना, परिचारिकेला, लेकीला विचारावे असे त्या सुविद्य गृहस्थांना वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी लिहिले, ‘छातीत दुखतंय.’ अक्षरे पडद्यावर स्वच्छ उमटली. दिसली म्हणजे गेली, असेच त्यांना वाटणार. ते दाराकडे पाहत राहिले. काही वेळाने लिहिले, ‘सवडीने या, पण या.’ मी तीही ओळ आज्ञेबरहुकूम अडवून धरली. टेबल शांत होते. आजोबांचा डोळा लागला असेल, अशी परिचारिकेची समजूत झाली.

संध्याकाळी लेक आली. तिने वडिलांचा थंड हात हातात घेतला, पडदा वाचला आणि काय झाले ते तिला कळले. तिने एंटर दाबले. टेबलावर टिकटिक झाली. “आले हं आजोबा,” म्हणत परिचारिका लगबगीने आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

लेक म्हणाली, “बाबांनी दुपारीच बोलावलं होतं.”

चौकशी झाली. यंत्रात दोष आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि तो अक्षरशः खरा आहे.

मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा, असे मी विनवणार नाही. कोणाचे यंत्र सुधारायला जाल तेव्हा आधी त्या माणसाच्या खाटेशी बसा आणि त्याचे बोट कुठवर जाते ते पाहा. त्याला जाग येईपर्यंत थांबावे लागले, तर थांबा.